केक हलका होतो, नानकटाई लहान होते

मैद्याऐवजी कणीक आणि साखरेऐवजी गूळ घातला, तर केकच्या कॅलरी किती कमी होतात? वजनाकडे लक्ष ठेवणारे, घरात मधुमेही माणूस असणारे आणि तरीही मुलांच्या वाढदिवसाला केक व दिवाळीला नानकटाई हवीच असे मानणारे बहुतेक सगळेजण हा प्रश्न विचारतात. त्याचे थोडक्यात उत्तर असे की, एवढ्या अदलाबदलीने कॅलरी जवळजवळ कमी होतच नाहीत. मात्र भाजलेले गोड पदार्थ हलके करणे अशक्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. खरी घट कुठून येते, ती कोणत्या पदार्थात सहज साधते आणि कोणत्या पदार्थात घटक बदलण्यापेक्षा आकार लहान करणेच शहाणपणाचे ठरते, हे या प्रकरणात टप्प्याटप्प्याने पाहायचे आहे.

१. मौद्याचा कोळसा आणि वाटीतले तूप

नागपूर-भंडारा महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी वसलेले मौदा हे तालुक्याचे ठिकाण आज एनटीपीसीच्या औष्णिक वीज केंद्रासाठी ओळखले जाते. ५०० मेगावॅटचे दोन आणि ६६० मेगावॅटचे दोन अशा चार संचांची मिळून त्या केंद्राची क्षमता २,३२० मेगावॅट आहे. औष्णिक वीज केंद्राला लागणाऱ्या कोळशाची प्रत ठरवताना, एक किलो कोळसा जाळल्यावर किती किलोकॅलरी उष्णता मिळते, हे मोजले जाते. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. प्रयोगशाळेत कोळशाचा नमुना बारीक दळून एका मजबूत पोलादी भांड्यात भरतात, त्यात दाबाने प्राणवायू सोडून नमुना पेटवतात आणि भांड्याभोवतीचे पाणी किती तापले, यावरून उष्णतेचा आकडा काढतात.

अन्नातील ऊर्जाही याच एककात मोजली जाते. बोलताना ज्याला ‘कॅलरी’ म्हटले जाते ती शास्त्राच्या भाषेतील किलोकॅलरीच असते आणि मराठी पुस्तकांत तिलाच ‘उष्मांक’ असेही म्हणतात; या प्रकरणात सोयीसाठी ‘कॅलरी’ हा रूढ शब्द वापरला आहे. देशातील वीज केंद्रांत जळणारा कोळसा किलोमागे साधारण ३,५०० ते ४,५०० कॅलरी देतो. एक किलो साखरेत सुमारे ४,००० कॅलरी असतात, म्हणजे ती या कोळशाच्या बरोबरीची आहे, तर एक किलो तुपात सुमारे ९,००० कॅलरी असतात, म्हणजे वजनाला वजन धरले तर तूप त्या कोळशाच्या दुप्पट ऊर्जा देते. केकच्या भांड्यात पडणारा तुपाचा प्रत्येक चमचा इतका दाट इंधनसाठा असतो.

शरीर अन्नाचा कण न् कण भट्टीसारखा जाळत नाही. काही भाग न पचता बाहेर पडतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही वजावट धरून जे आकडे बसवले, तेच आजही जगभर वापरले जातात. त्यानुसार एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा साखर ४ कॅलरी, एक ग्रॅम प्रथिने ४ कॅलरी आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९ कॅलरी देतात. धान्याच्या कोंड्यात असणाऱ्या न पचणाऱ्या तंतूंसाठी ग्रॅममागे सुमारे २ कॅलरी धरतात, पाण्यासाठी शून्य, आणि फेटून कोंडलेल्या हवेसाठी अर्थातच शून्य. पदार्थ हलका करण्याचे सारे उपाय याच आकड्यांतून निघतात: नऊ आणि चारचे काही ग्रॅम काढायचे आणि त्यांच्या जागी दोन व शून्याचे ग्रॅम आणायचे.

२. नानकटाईचा हिशेब

आकडेमोडीची सवय व्हावी म्हणून घरोघरच्या नानकटाईपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. दिवाळीच्या आधी परातीत तूप-साखर फेटून, पीठ मळून, गोळे वळून डबा जवळच्या बेकरीत न्यायचा आणि तिथल्या भट्टीतून भाजून आणायचा, ही रीत महाराष्ट्रातील अनेक गावांत अजून टिकून आहे. अशा नानकटाईचे एक सरळ प्रमाण पुढे दिले आहे.

मैदा १५० ग्रॅम: ५२५ कॅलरी
बेसन ५० ग्रॅम: १८० कॅलरी
पिठीसाखर १०० ग्रॅम: ४०० कॅलरी
तूप १०० ग्रॅम: ९०० कॅलरी
एकूण: २,००५ कॅलरी

इतक्या पिठाच्या वीस नानकटाया झाल्या, तर एकीत सुमारे १०० कॅलरी येतात. या बेरजेतून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, वजनाने तूप हे पिठाच्या निम्मे असले तरी कॅलरींत त्याचा वाटा ४५ टक्के आहे. दुसरी अशी की, या यादीत पाणी जवळजवळ नाहीच. म्हणून भाजून निघालेल्या नानकटाईत शंभर ग्रॅममागे पाचशेहून अधिक कॅलरी असतात. शेजारी ठेवलेल्या साध्या केकमध्ये, जो ओलसर असतो, शंभर ग्रॅममागे चारशेच्या आसपास कॅलरी भरतात. केक कमी गोड असतो म्हणून हा फरक पडत नाही; तो मुख्यतः केकमध्ये उरलेल्या पाण्यामुळे पडतो.

हिशेब करताना एक काळजी घ्यावी लागते. वाटीने मोजलेले पीठ कधी दाबून भरलेले असते, कधी चाळून सैल झालेले असते, आणि त्याच वाटीत साखर मात्र पिठापेक्षा बरीच जड भरते. त्यामुळे ज्याला कॅलरींचा अंदाज घ्यायचा आहे, त्याने स्वयंपाकघरातील छोटा वजनकाटा वापरावा. वाटीच्या मापाने चव जमते, पण बेरीज चुकते.

३. गूळ, मध आणि कणीक

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येते. गूळ म्हणजे उसाचा रस आटवून घट्ट केलेली साखरच असते. त्यात थोडा ओलावा व थोडी खनिजे असतात, म्हणून शंभर ग्रॅममागे त्याच्या कॅलरी साखरेपेक्षा किंचित कमी भरतात, पण केकमध्ये हा फरक नगण्य ठरतो. मधात सुमारे पाचवा हिस्सा पाणी असल्यामुळे शंभर ग्रॅममागे तीनशेच्या थोड्या वर कॅलरी असतात, आणि तो साखरेपेक्षा जास्त गोड लागत असल्याने थोडा कमी घालता येतो. तरीही मध घातला म्हणजे पदार्थ हलका झाला, असे म्हणता येत नाही. गुळाचा खमंगपणा आणि मधाचा ओलावा ही त्यांची खरी देणगी आहे आणि त्यासाठीच ते वापरावेत.

कणकेची गोष्ट थोडी वेगळी आहे. मैदा, रवा, तांदळाची पिठी आणि बेसन यांच्या कॅलरी शंभर ग्रॅममागे साधारण साडेतीनशेच्या आसपासच असतात. मौदा परिसर धानाचा असल्यामुळे तिथे तांदळाची पिठी सहज मिळते आणि ती घातल्याने नानकटाईला छान कुरकुरीतपणा येतो, पण कॅलरींची बेरीज आहे तिथेच राहते. कणकेत कोंडा शिल्लक असल्याने तंतूंचे प्रमाण मैद्याच्या तीन-चार पट असते, त्यामुळे कॅलरी थोड्याच कमी होतात, मात्र पोट लवकर भरते आणि दुसरा तुकडा उचलण्याची इच्छा कमी होते. हा फायदा खरा आहे, पण तो कागदावरच्या बेरजेत दिसत नाही, ताटात दिसतो.

४. प्रत्येक घटकाचे काम

तूप आणि साखर निम्मी केली की काम झाले, असे वाटून अनेकजण पहिला प्रयोग करतात आणि हाती दडस, फिकट, दुसऱ्या दिवशी कोरडा पडणारा केक येतो. याचे कारण असे की, हे दोन्ही घटक चवीखेरीज आणखी बरीच कामे करत असतात. एकत्र कुटुंबातील एखादे कर्ते माणूस परगावी गेले, तर त्याच्या वाटची कामे कोणीतरी उचलावी लागतात. तसेच इथे आहे. घटक काढण्याआधी त्याची कामे कोणती, हे माहीत असावे लागते.

तुपाचे मुख्य काम मराठी स्वयंपाकघराला ‘मोहन’ या शब्दाने फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिने एकमेकांत गुंतून रबरासारखी चिवट जाळी तयार करतात. या जाळीला ग्लुटेन म्हणतात. पोळीला ही जाळी हवी असते, कारण तिच्यामुळेच पोळी न फाटता लाटली जाते. शंकरपाळ्याला मात्र ती नको असते, म्हणून पाणी घालण्यापूर्वी पिठाला मोहन चोळतात आणि मुटका वळतो का, ते पाहतात. तुपाचा पातळ थर पिठाच्या कणांना वेढून पाण्यापासून दूर ठेवतो, जाळी तुटक राहते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. केक आणि नानकटाईत तूप किंवा लोणी हेच काम करते. शिवाय साखरेबरोबर फेटताना ते हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरून ठेवते आणि हेच बुडबुडे भट्टीत फुगून केकला जाळीदार करतात.

साखरेची कामे आणखी निरनिराळी आहेत. ती पाणी धरून ठेवते म्हणून केक मऊ राहतो आणि लवकर शिळा होत नाही. ती पिठातील पिष्ट व अंड्यातील प्रथिने घट्ट होण्याचे तापमान थोडे वर ढकलते, त्यामुळे केक आकार धरण्यापूर्वी त्याला फुगायला वेळ मिळतो. वरच्या पापुद्र्याचा तांबूस रंग आणि खरपूस वास यांतही तिचा मोठा हात असतो. आणि सगळ्यांत सहज विसरली जाणारी बाब म्हणजे, साखर जागा व्यापते. दोनशे ग्रॅम साखर काढली, की मिश्रणातून दोनशे ग्रॅमचे अंगच नाहीसे होते.

५. तुपाची जागा कोण घेऊ शकते

ओलसर केकमध्ये तुपाचे मऊपणाचे काम बऱ्याच अंशी दही किंवा फळांचा गर करू शकतो. शंभर ग्रॅम लोण्यात सुमारे ७२० कॅलरी असतात, तर तेवढ्याच घरच्या दह्यात साठच्या आसपास, पिकलेल्या केळ्याच्या गरात शंभरच्या आसपास आणि उकडून कुस्करलेल्या लाल भोपळ्यात, ज्याला विदर्भात कोहळे म्हणतात, जेमतेम पंचवीस-तीस. दह्यातील आम्लता ग्लुटेनची जाळी सैल करते आणि खाण्याच्या सोड्याशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते, म्हणजे मऊपणा आणि फुगवणे अशी दोन कामे एकदम होतात. केळ्याच्या व कोहळ्याच्या गरातील तंतू पाणी धरून ठेवतात.

या अदलाबदलीला मर्यादा आहे. सगळे लोणी काढून दही घातले, तर केकऐवजी ओलसर ढोकळ्यासारखा पदार्थ हाती येतो, कारण पिठाच्या कणांना वेढणारे मोहनच उरत नाही. म्हणून मूळ प्रमाणाचा निदान चौथा हिस्सा स्निग्ध पदार्थ ठेवणे योग्य ठरते. तो ठेवताना गोठलेल्या लोण्यापेक्षा तेल सोयीचे असते. ग्रॅमला ग्रॅम पाहिले तर तेलाच्या कॅलरी लोण्यापेक्षा जास्त आहेत, कारण लोण्यात सुमारे सोळा टक्के पाणी असते. पण तेल पातळ असल्यामुळे थोडेसेच असूनही ते पिठात सगळीकडे पोहोचते आणि थंड झाल्यावर गोठत नाही, त्यामुळे केक मऊ लागतो. वनस्पती तुपाबद्दल एवढेच नोंदवावे की, कॅलरींच्या दृष्टीने ते साजूक तुपासारखेच आहे. त्यातील घातक ट्रान्स फॅट ही वेगळी चिंता असून, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तिची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे.

कमी मोहनाच्या मिश्रणाला हाताळणीही हलकी लागते. पीठ घातल्यानंतर जितके जास्त घोटावे, तितकी ग्लुटेनची जाळी वाढत जाते आणि तिला अडवायला तूप नसते. कोरडे पीठ दिसेनासे झाले की चमचा थांबवावा. मिश्रणात दोन-चार गुठळ्या राहिल्या तरी भाजताना त्या विरतात, पण एकदा आलेला चिवटपणा जात नाही.

६. साखर किती कमी करता येते

बहुतेक घरगुती केकमध्ये मैद्याइतकीच साखर असते. ती एक तृतीयांशाने कमी केली तरी केक नीट फुगतो आणि खाणाऱ्याला तो पुरेसा गोड लागतो. त्यापलीकडे गेल्यास रंग, मऊपणा आणि टिकाऊपणा भराभर घटतो. गोडव्याची जाणीव केवळ जिभेवर होत नाही, वासाचाही त्यात वाटा असतो. वेलची, जायफळ, व्हॅनिला किंवा संत्र्याच्या सालीचा किस घातला तर कमी साखरही अधिक जाणवते, आणि चिमूटभर मीठही हेच काम करते.

साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरण्याचा पर्याय अनेकांना सुचतो. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असल्यामुळे दोनशे ग्रॅम साखरेच्या गोडव्यासाठी त्याचा एक तृतीयांश ग्रॅम पुरतो. पण त्यामुळे मागे सांगितलेले दोनशे ग्रॅमचे अंग नाहीसे होते आणि केक बसका होतो. ॲस्पार्टेम उष्णतेने विघटित होऊन त्याची गोडी जाते, म्हणून भाजण्याच्या पदार्थांत ते निरुपयोगी ठरते. एरिथ्रिटॉल साखरेसारखे दाणेदार असल्यामुळे अंग भरून काढते आणि त्याच्या कॅलरी ग्रॅममागे ०.२ च्या आसपासच असतात, पण त्याने रंग येत नाही आणि जिभेवर थंडपणा जाणवतो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून साखरेतर गोड द्रव्ये वापरू नयेत, अशी शिफारस केली. ती ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नव्हती आणि अशा व्यक्तींनी डॉक्टरांचा सल्ला घेणे उचित आहे. इतरांसाठी मात्र साखर साखरच ठेवून ती कमी करणे आणि जिभेला हळूहळू कमी गोडाची सवय लावणे हा अधिक सरळ मार्ग आहे.

७. हवा, अंडी आणि जवस

शून्य कॅलरींचा सर्वांत स्वस्त घटक म्हणजे हवा. अंडी आणि साखर एकत्र फेटत राहिली, की मिश्रण फिकट होऊन तिपटीपर्यंत फुलते. त्यात पीठ हलक्या हाताने मिसळून भाजले की स्पंज केक तयार होतो आणि त्याला तूप-लोणी लागतच नाही. इथे मऊपणाचे काम तुपाऐवजी हवेच्या असंख्य कप्प्यांनी केलेले असते. तोंडात भरलेला घास मोठा वाटतो, वजनाने मात्र तो लहान असतो.

अंडी न खाणाऱ्या घरांत केकसाठी अनेकदा कन्डेन्स्ड मिल्क वापरले जाते आणि तिथे हिशेब नेमका उलटा होतो; ४०० ग्रॅमच्या एका डब्यातच सुमारे १,३०० कॅलरी असतात. अशा घरांसाठी विदर्भाच्या शेतात आणि चटणीत आधीपासून असलेले जवस उपयोगी पडते. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की बुळबुळीत, अंड्याच्या पांढऱ्यासारखा गर तयार होतो आणि तो एका अंड्याइतके मिश्रण बांधून ठेवतो. अंड्यात सुमारे ७० कॅलरी असतात, तर एवढ्या जवसात त्याच्या जवळपास निम्म्या. जवस हवा धरून ठेवत नाही, म्हणून अशा केकमध्ये फुगवण्याचे काम दही आणि सोडा यांच्याकडे सोपवावे लागते.

८. संत्र्याच्या केकचे उदाहरण

आतापर्यंतचे नियम एकत्र वापरून पाहण्यासाठी नागपूर भागाला साजेसा संत्र्याचा केक घेता येईल. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले नागपुरी संत्रे ढिल्या सालीचे असते. आंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या सुरुवातीस आणि मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. सालीच्या वरच्या केशरी थरात सुगंधी तेलाच्या बारीक पिशव्या असतात आणि कॅलरींशिवाय सुवास देणारा तोच भाग केकला हवा असतो. साल ढिली असल्यामुळे सोलल्यावर तिचा किस करता येत नाही. फळ अख्खे असतानाच बारीक किसणीवर अलगद फिरवून केवळ केशरी थर काढावा, कारण खालचा पांढरा थर कडू असतो.

नेहमीच्या केकचे साहित्य असे असते: मैदा २०० ग्रॅम (७०० कॅलरी), साखर २०० ग्रॅम (८००), लोणी १५० ग्रॅम (१,०८०), तीन अंडी (२१०), दूध १०० मिलिलिटर (६५). एकूण २,८५५ कॅलरी आणि बारा तुकडे केले तर एका तुकड्यात सुमारे २३८.

हलक्या केकचे साहित्य असे घेता येईल: मैदा आणि कणीक प्रत्येकी १०० ग्रॅम (मिळून ७००), साखर १३० ग्रॅम (५२०), तेल ४० ग्रॅम (३६०), दही १२० ग्रॅम (७२), तीन अंडी (२१०), संत्र्याचा रस ६० मिलिलिटर (२७), दोन संत्र्यांच्या सालीचा किस, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ. एकूण १,८८९ कॅलरी, म्हणजे बारातील एका तुकड्यात सुमारे १५७.

तुकड्यामागे एक तृतीयांश घट झाली आणि यातील बहुतेक बचत लोण्यातून व साखरेतून आली. कणकेने बेरजेत काहीच मोठा बदल केला नाही. प्रामाणिक हिशेबासाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हा केक मूळ केकपेक्षा वजनाने थोडा कमी भरतो, त्यामुळे शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम अशी तुलना केली तर घट सुमारे पाव भागाची दिसते. दोन्ही आकडे खरे आहेत; एक ताटातील तुकड्याबद्दल सांगतो, दुसरा पदार्थाच्या स्वभावाबद्दल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज १,६६० कॅलरींची आहे. जुन्या केकचा एक तुकडा तिच्या दिवसाचा सातवा हिस्सा व्यापत होता, नवा तुकडा दहाव्या हिश्श्याहूनही कमी व्यापतो.

करताना आधी अंडी आणि साखर चांगली फुलेपर्यंत फेटावीत, मग तेल, दही, रस व किस घालावा आणि चाळलेले पीठ शेवटी हलकेच मिसळावे. कमी तुपाचा केक लवकर कोरडा पडतो, म्हणून नेहमीपेक्षा पाच मिनिटे आधीच सुरी खुपसून पाहावी. तिला ओले पीठ न लागता एखादा ओलसर कण चिकटला तर केक बाहेर काढावा. शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्येही तो होतो, पण कुकरमध्ये वरून आंच नसते आणि साखरही कमी आहे, तेव्हा त्याचा माथा फिका राहणार, हे गृहीत धरावे. कमी साखरेमुळे त्याला बुरशीही लवकर येते. पावसाळ्यात तो फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवणे बरे.

९. केकवरचा थर

घटकांची इतकी काटकसर करून वर नेहमीचे क्रीम लावले, तर सगळी मेहनत वाया जाते. शंभर ग्रॅम लोणी आणि दोनशे ग्रॅम आयसिंग शुगर यांच्या आयसिंगमध्ये १,५२० कॅलरी असतात, म्हणजे वरच्या हलक्या केकच्या कॅलरींत त्याने जवळपास ऐंशी टक्क्यांची भर पडते. याला मराठी घरात तयार उत्तर आहे आणि ते म्हणजे श्रीखंडाचा चक्का. टोन्ड दुधाचे दही रात्रभर फडक्यात टांगून मिळालेला दोनशे ग्रॅम चक्का, त्यात चाळीस ग्रॅम पिठीसाखर आणि थोडी वेलची, असे पुरणयंत्रातून काढून गुळगुळीत केले, की चारशेच्या आसपास कॅलरींत केक झाकला जातो. चक्क्याचा किंचित आंबटपणा संत्र्याच्या वासाला शोभतो. हा थर उष्णतेत सैल होतो, म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यात तो केक कापण्याच्या थोडेच आधी लावावा.

१०. नानकटाईचे काय करायचे

केकला लागू पडलेला हा मार्ग नानकटाईला लागू पडत नाही. तिच्यात दही किंवा फळाचा गर घातला की ते पाणी ग्लुटेनला जागे करते आणि खुसखुशीतपणा जातो. पाणी भाजून उडवले, तर ते पाणी घालण्याचा उपयोगच राहत नाही, कारण पाणी उडते पण कॅलरी उडत नाहीत. तूप शंभरावरून सत्तर ग्रॅमवर आणि साखर शंभरावरून पंचाहत्तर ग्रॅमवर आणली, तर एकूण बेरीज सुमारे १,६३५ पर्यंत उतरते, पण वीस नानकटायांत वाटल्यावर एकीत ८० पेक्षा जास्त कॅलरी राहतातच आणि ती दाताखाली कडक लागते. त्याऐवजी मूळच्याच पिठाच्या वीसऐवजी तीस नानकटाया वळल्या, तर एकीत ६७ कॅलरी येतात आणि तिचा स्वाद व विरघळणे अबाधित राहते.

यातून एक साधा नियम हाती येतो: पदार्थ ओलसर असेल तर घटक बदलावेत, कोरडा असेल तर आकार बदलावा. केक, मफिन, केळ्याचा ब्रेड हे पहिल्या गटातले. नानकटाई, बिस्किटे, खारी हे दुसऱ्या गटातले. गोव्यातील बेबिंका दिसायला ओलसर असली, तरी नारळाचे दूध, अंड्यांचा बलक आणि तूप हाच तिच्या थरांचा देह आहे. म्हणून तिचीही पातळ फोड करणे, हाच तिला हलके करण्याचा योग्य मार्ग आहे.

पाकिटावरचे शब्द वाचतानाही हा नियम उपयोगी पडतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार, एखाद्या घन पदार्थाला ‘कमी कॅलरीचा’ म्हणायचे असेल, तर त्यात शंभर ग्रॅममागे ४० पेक्षा जास्त कॅलरी असता कामा नयेत. इतक्या कॅलरी साधारणपणे संत्र्याच्या फोडींत किंवा गाजरात असतात. पीठ, साखर आणि तूप यांचा कोणताही पदार्थ तिथवर पोहोचू शकत नाही. म्हणून ‘कमी कॅलरीचा केक’ असे काही नसते, ‘आधीच्या केकपेक्षा कमी कॅलरीचा केक’ मात्र असतो, आणि किती कमी, हे करणाऱ्याला कागदावर मांडता आले पाहिजे. ज्या घरात आठवड्याला केक होतो, तिथे हलका संत्र्याचा केक वर्षभरात पुष्कळ तूप आणि साखर वाचवील. वर्षातून एकदा दिवाळीला होणारी नानकटाई मात्र पूर्ण तुपाचीच असावी. गोळा वळताना तो लिंबाएवढा न वळता सुपारीएवढा वळावा, डब्यातून एक उचलावी आणि तिचा खमंगपणा मन लावून अनुभवावा.